हुडकेश्वरच्या गच्चीवर टॉर्च

बर्डीवरून आणला. खोक्यावर छापलेलं: एक किलोमीटर.
आमची गल्ली सगळी मिळून ऐंशी पावलं.
उरलेल्या उजेडाचं काय करायचं
हा प्रश्न पहिल्याच रात्री पडला.

मित्रा वर्ध्याहून आलेली, सुट्टीत.
पाळण्यातलं नाव संघमित्रा, वय सात, पुढचे दोन दात नाहीत.
साडेदहा वाजले तरी गच्ची तव्यासारखी,
बादली उपडी केली तर चर्र व्हायचं.
खाली कूलरची घरघर.

तिनं आधी तळहात काचेवर दाबला.
बोटं निखाऱ्यासारखी आतून लाल.
“मावशी, हाडं कुठं गेली?”
मी म्हटलं, उजेडाला रक्तच आवडतं.
खरं कारण मला माहीत नव्हतं.

मग दोन विटांवर पाण्याचा कॅन,
कॅनखाली टॉर्च.
निळसर उजेड हलत हलत कठड्यावर चढला.
टाकीखालची पाल
क्षणभर पोहल्यासारखी वाटली.

बाजूच्या प्लॉटवर पाटी आहे, ‘ही जागा विकणे नाही’,
आणि गुडघाभर सुकलं गवत.
टॉर्च कानशिलाशी धर, म्हटलं,
डोळ्यांच्या अगदी शेजारी. आता पाहा.
गवतात हिरवे कण चमकले. दहा, पन्नास, मग मोजणं सुटलं.
“दव आहे?”
मे महिन्यात दव कुठलं. कोळ्यांचे डोळे.
ती कठड्यापासून एक पाऊल मागे आली.
“एवढे? अन् सगळे आपल्यालेच पाहून राहिले?”

गल्लीच्या टोकाला अर्धवट इमारत आहे,
बिल्डर पळाला, पाच मजली कोरी भिंत ठेवून.
तिच्यावर कंगवा रेल्वेचं कुंपण झाला,
चिमटा मगर,
पुरणाच्या चाळणीनं आभाळभर छिद्रं पाडली.
वाळत घातलेली एक कुरडई उचलली
तर तीन मजले भरून घरटं,
आणि मित्रा हसता हसता कुरडईवरच बसली.

“कोण बे? कोण उजेड मारून राहिलं?”
समोरच्या गच्चीवर कवडूजी, बनियनवर.
मला वाटलं आता बोलणी.
ते खाली गेले आणि आपली बॅटरी घेऊन आले,
तीन सेलांची, पत्र्याची, पोचा पडलेली.
तिचा उजेड हळदीच्या दुधासारखा.

चौतीस वर्षं लाइनमन.
खांबावरून ओरडलं तर वारा नेते, म्हणाले,
उजेड नाही नेत.
एकदा लांब: चालू कर.
दोनदा झटपट: बंद, मी वर आहो.
मित्रानं विचारलं, आणि तीनदा?
“तीनदा काहीच नाही, बेटा.
पण एका रात्री खालच्यानं दोनचे तीन मोजले.”

पुढे बोलले नाहीत. डावा हात बॅटरीसमोर धरला.
त्या हाताला तीन बोटं.
भिंतीवर हरीण उभं राहिलं,
मान वळवणारं, शिंगं नेमकी,
माझ्या दहा बोटांनी कधी जमलं नसतं असं.
मित्रा टाळ्या वाजवत राहिली,
मी टॉर्च कुठं धरावा ते कळेना, म्हणून वर धरला.

धुळीचा पांढरा खांब सरळ आभाळात.
पाखरं त्यावर चढू लागली.
एक विमान सोनेगावकडे उतरत होतं, तेवढा वेळ खाली केला,
मग पुन्हा वर.
“आता कुठं पोचला असेल?”
तू विचारलंस तेवढ्यात चंद्राच्या पुढे.
पलीकडून कवडूजी:
“बटण बंद केलं तरी जाते?”
जातो, काका. निघालेला थांबत नाही.

ते बराच वेळ कठड्याला टेकून.
मग हळदीची बॅटरी वर केली, मोतीबिंदूचे डोळे बारीक करून,
झटपट, आणि पुन्हा झटपट.
मित्रा मोठ्यानं मोजत होती,
एक.
दोन.
दोनच, काका, दोनच,
वर कुणाला नीट ऐकू जावं असं.