ज्याचं आधी आटपेल

अलाझानीच्या खोऱ्यात सप्टेंबर संपत आला
की द्राक्षं कुणाचं ऐकत नाहीत.
रस काढायचं यंत्र गावात एक,
आणि वहीत उद्याच्या मागण्या एकोणीस:
गोचा, पहाटे पाच ते संध्याकाळी सात.
त्सियाला, सात ते साडेनऊ.
माक्वाला, नऊ ते साडेदहा.
वाझा आणि त्याचा मेहुणा, दहा ते बारा,
भांडले नाहीत तर.
सगळ्यात खाली, पेन्सिलीने,
इलिको, अकरा ते सहा.

सहकारी संस्थेच्या खोलीत
खताच्या पोत्यांना पाठ टेकून
नेस्तान लॅपटॉप उघडते.
गेल्या वर्षी ह्याच दारात
मेहुण्याने लोखंडी दांडा उगारला होता.
म्हणून यंदा वही तिच्याकडे.

जो आधी येईल त्याला आधी?
मग गोचा अंधारातच येतो
आणि अख्खा दिवस गिळून बसतो.
ज्याचं काम छोटं त्याला?
माक्वालाचा दीड तास
नेमका दोघांच्या सांध्यावर बसतो,
एका खुंटीने दोन दारं अडावीत तसा.
दोनदा खोडलं. चहा गार झाला.
मग एक ओळ सुचली, इतकी साधी
की तिला आधी तिची लाजच वाटली:
ज्याचं आधी आटपेल, त्याला आधी.
त्याच्या आड येणारे खोड.
उरलेल्यांत पुन्हा तेच.
मागे वळून पाहू नकोस.

‘कशावरून?’ झाउरी विचारतो,
तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला,
आता फक्त शंका काढतो.
‘समज,’ ती म्हणते, ‘तुझ्याकडे माझ्याहून भारी यादी आहे.
तुझा पहिला माणूस काढ, माझा ठेव.
माझा कधीच उशिरा संपत नाही,
मग तुझ्या बाकीच्यांना धक्का कुठे लागला?
आता दुसरा. आता तिसरा.
बदलत बदलत तुझी यादी माझी होते
आणि एकही नाव कमी होत नाही.’
झाउरी बराच वेळ बोटं मोजतो.
मग टोपी काढतो.

अशा रीतीला ते लोक लोभी म्हणतात.
हातात येईल तो घास उचलणारी, उद्याचा विचार न करणारी.
मला आमचा शब्द आठवतो,
पत्राच्या शेवटी लिहितो तो: लोभ असावा.
एकाच शब्दात
ओरबाडणं आणि माया
कशी काय नांदते, कोण जाणे.

तीन दिवस यंत्र थांबलं नाही.
रोज आठ कुटुंबं, जमतील तितकी जास्तीत जास्त.
दांडा भिंतीला टेकलेलाच राहिला.
आणि तिन्ही दिवस
इलिकोचं नाव गळलं.
त्याचा मळा उंचावर, दव उशिरा सुकतं,
गाढव म्हातारं, द्राक्षं जुन्या जातीची.
अकराच्या आधी तो येऊ शकत नाही
आणि सहाच्या आधी आटपू शकत नाही.
नियम चुकला नव्हता.
नियमाने नावं मोजली होती, माणसं नाही.

चौथ्या संध्याकाळी ती चढ चढून गेली.
तो आजोबांच्या वेळच्या लाकडी डोणीत उभा,
पँट गुडघ्यापर्यंत, पाय जांभळे.
‘काय म्हणतं तुझं यंत्र?’
‘म्हणतं, आठ.’
‘आठ चांगला आकडा आहे,’ तो म्हणाला,
कुचकेपणाने नव्हे. तेच जास्त बोचलं.

आता प्रत्येक नावापुढे वजन लिहावं लागेल.
वजन आलं की ती सोपी ओळ टिकत नाही,
प्रत्येक फाट्यावर थांबावं लागतं,
हा घेतला तर काय, सोडला तर काय,
मागे वळून वळून पाहावं लागतं.
तेही तिला येतं. एका रात्रीचं काम आहे.
पण इलिकोपुढे आकडा कुठला?
किलो? वय? तीन दिवस?

तिने बूट काढले, मोजे बुटांत कोंबले.
रस गार होता, बिया टोचत होत्या.
‘डावीकडे जास्त राहिलीत,’ तो म्हणाला.
ती डावीकडे सरकली.