कोचकोर, सहावा दिवस

आज चालवायचं नाही.
तरी पहाटे पाय पांघरुणात
आपसूक फिरत होते.

अंगणात सायकल उलटी,
चाकं आभाळाकडे.
तालाय वेल्डर एकेक आरा
नखानं वाजवून बघतो,
कान लावून, जरा पिळून.
पैसे घेत नाही.
मदतीचा डबा दिसला तेव्हा
दोनशे सोम टाकले त्यानं,
आणि विचारलं, मशीन केवढ्याला येतं?
आकडा ऐकून काही बोलला नाही.
दुसरं चाक घेतलं.

त्याची मीरिम जर्दाळू घेऊन आली,
माझ्या मांड्या बघून खिदळली:
वर दुधासारख्या, खाली करपलेल्या,
मध्ये पट्टीनं ओढावी तशी रेघ.
दोरीवर मोजे वाळतायत.
बसायचं म्हटलं तर
बसवत नाही.

दुपारी ओशहून भावाचा फोन.
कुठवर आलास?
कुठेच नाही. आज सुट्टी.
माझीही, तो म्हणाला.
काल सुया टोचल्या, आता उद्या.
कलिंगड खाल्लं. एकच फोड.
डॉक्टरांना बोलू नकोस.

गोड होतं का? मी विचारलं.
बराच वेळ तो नुसता हसत राहिला.

इकडे चाक फिरत होतं
जागच्या जागी, आवाज न करता.
तालायनं बोट लावून थांबवलं.