जस्ताच्या दारात

पा बुआखामच्या शेताच्या वर, डोंगरात, जस्ताची खाण होती.
आता तिथे कुलूप आहे आणि एक हिरवट तळं.
ओढा मात्र जुन्याच वाटेनं उतरतो
पाटापाटांतून, थेट वाफ्यात.

मी पिशव्या घेऊन येते.
पिशवीवर लिहायचं : तारीख, वाफा, खोली.
‘यंदा किती?’ ती विचारते. मी आकडा सांगते.
ती मान हलवते,
जावयाचा पगार ऐकल्यासारखी.

भात नको, ऊस लावा, असं साहेब सांगून गेले.
ऊस गाड्यांच्या पोटात जातो, माणसांच्या नाही.
तिनं लावला.
खालचा एवढासा तुकडा तेवढा ठेवला
चिकट भातासाठी.

बांधावर बसून एकदा समजावलं :
कॅडमियम चोरासारखं येत नाही, पा.
जस्ताचा चेहरा लावून येतं,
आणि मूळ भोळं, म्हणतं, ये, बस.
म्हणून दारात खऱ्या जस्ताचीच गर्दी करायची.
मोजून हं. जास्त झालं तर तेही बाधतं.

ती बराच वेळ पाण्यात पाय हलवत राहिली.
‘ज्याच्यासाठी डोंगर फोडला
ते आता पिशवीतून विकत आणायचं?’

आणलं मात्र.
चुना फेकला, पोटऱ्यांपर्यंत पांढरी झाली.
गिरणीतून तुसाची राख आणून चाळली;
मी सिलिका, कांड्याची भिंत वगैरे बोलत होते,
ती म्हणाली, आई हिनं भांडी घासायची.
दाणा भरेपर्यंत पाणी हटू द्यायचं नव्हतं.
इंथोन रात्री पाट आपल्याकडे वळवायचा,
तर ही टॉर्च घेऊन बांधावर, चार रात्री.
पाचव्या रात्री तोच चहा घेऊन आला.

बिस्किटांच्या डब्यात तिच्या मूत्रपिंडांचे कागद आहेत.
एकदाच दाखवले, घडीसुद्धा न उलगडता.
‘मुळाला जस्त देतेस. मला काय देशील?’
माझ्या पिशवीत मातीच होती.

या हंगामात आकडा खाली आला.
मर्यादेच्या आत, जेमतेम.
तिनं वाफाळता भात मुठीत वळला,
मधोमध तोडला,
आधी स्वतः खाल्ला, मग माझ्याकडे बघत राहिली.

मी खाल्ला.
बोटं चिकट झाली होती, पेन धरवेना.
पिशवीवर तारीख लिहिली, वाफा लिहिला.
खोलीपाशी थांबले.