निरीक्षकाची उंची

कोर्सचं नाव गणित एकशे पाच.
मी त्रेपन्न.
अर्विड म्हणाला, म्हणजे निम्म्याच्या जरा पुढेच आहेस.

शेवटचा ट्रक गेला की वजनकाट्याच्या खोलीत
हीटरवर पाय ठेवून मी व्हिडिओ लावते.
बेनाविदेस सर टूसॉनला, अर्ध्या बाह्यांचा पिवळा शर्ट,
मागच्या खिडकीत ऊन.
इथे डकोटात ऑक्टोबरातच पाइप गोठलेत.
रेकॉर्डिंग चार वर्षांपूर्वीचं,
तरी दर धड्याशेवटी ते म्हणतात, उद्या भेटू,
आणि मी मान हलवते.
वारा सुटला की "कोसाइन म्हणजे"वर
ते थिजतात, तोंड उघडं, खडू हवेत.
तेवढ्यात माझ्या गव्हाच्या पावत्या लावून होतात.

साइन चढली की कॉस उतरते,
माझ्या नणंदा आहेत अशाच, सॉल्वेग आणि बेरित.
पण दोघींचे वर्ग करून बेरीज केली
तर म्हणे कायम एकच.
एकी अशी कुठल्याच थँक्सगिव्हिंगला
मी पाहिलेली नाही.

गणितं सगळी समुद्राकाठची.
दीपगृहाच्या माथ्यावरून कुणालातरी जहाज दिसतं.
आमच्याकडे दीपगृह कुणी पाहिलंय?
आणि खाली बारीक अक्षरात:
निरीक्षकाची उंची विचारात घेऊ नये.

ते वाक्य मी दोनदा वाचलं.
भरल्या गाडीचं वजन, वजा रिकाम्या गाडीचं वजन.
तेहेतीस वर्षं ही वजाबाकी करते आहे.
खिडकीतून हात आत येतो, पावती घेतो, जातो.
हातमोजे मी ओळखते. चेहरे निम्मे.

यंदा मालगाड्या आल्याच नाहीत,
कोठ्या भरून उरलेला गहू बाहेर ओतला.
रविवारी मी प्लॅस्टिकचा कोनमापक घेतला,
त्याला मासे धरायची दोरी, दोरीला नट.
केलनं टेप धरली.
राशीच्या मध्यापासून साठ फुटांवर उभी राहून
एक डोळा मिटला.
सोळा अंश.
साठ गुणिले टॅन सोळा: सतरा फूट दोन इंच.
छे. रास एवढी ठेंगणी नव्हती.
पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.
मग लक्षात आलं, मी पुस्तकाचं ऐकत होते.
जमिनीपासून माझ्या डोळ्यांपर्यंत
चार फूट दहा इंच.
ते मिळवले. बावीस फूट, काटेकोर.

अर्धा पाया एक्केचाळीस.
म्हणजे उतार अठ्ठावीस अंश आणि वर चिमूटभर.
हा गव्हाचा विसाव्याचा कोन.
इतका उतार मिळाला की दाणा दाण्यावर निजतो,
कुणी पाऊल टाकीपर्यंत.

चार नंबरच्या कोठीत मर्ल उतरला होता,
भिंतीला चिकटलेला गहू फावड्यानं पाडायला.
तिथला उतार किती होता, कुणी मोजला नव्हता.
केल त्याचा मुलगा.
मी आकडा सांगितला तेव्हा तो टेप गुंडाळत होता,
गुंडाळत राहिला.
टेप कधीच संपली होती.

डिसेंबरात परीक्षा. कॅमेऱ्यामागची बाई म्हणाली,
लॅपटॉप फिरवून खोली दाखवा,
पूर्ण तीनशेसाठ अंश.
दाखवली: शून्यावर थांबलेला काटा, हीटर,
केलचा डबा, अर्विडनं ठोकलेली फळी,
तिच्यावर खडूनं, अपघाताविना दिवस,
आणि पुढचा आकडा, जो रोज सकाळी केलच बदलतो.
तिनं विचारलं, ते कुठलं सूत्र आहे का?
नाही म्हटलं. पुसायला नाही लावलं.

एक्क्याऐंशी गुण मिळाले.
खाली तांबड्या अक्षरात शेरा:
प्रश्न दहावा, नजर पडद्याबाहेर,
डावीकडे, बावीस सेकंद. कारण द्या.

डावीकडे खिडकी आहे.
ताडपत्रीवर बर्फ, बर्फाखाली गहू,
आणि केल एकटाच कडेकडेनं दोर तपासत होता.

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं:
उतार बघत होते.