उशिरा आलेलं पोस्टकार्ड

अंजनेरीच्या पायथ्यापासून सातपूरला यायला
पोस्टकार्डानं बारा दिवस घेतले.
पायी आलं असतं तरी संध्याकाळपर्यंत पोचलं असतं.
एक शिक्का त्र्यंबकचा, एक नाशिकरोडचा,
तिसरा नुसताच काळा फराटा.
मजकूर पेन्सिलीचा, दाबून लिहिलेला:

बाबा, मला घ्यायला या. आजच या.
इथं रात्री लाइट नसतो.
भोपळ्याची भाजी दोनदा झाली.
माझी वॉटरबॅग कुणीतरी घेतली.
मी कुणाशीच बोलत नाही.
रडले ते आईला सांगू नका.
तुमची स्वरांगी.

कार्ड आलं तेव्हा स्वरांगी
गॅलरीत उकिडवी बसून
सँडलचा तुटका पट्टा दाभणानं शिवत होती.
आमच्या घरात दाभण आहे
हेच मला माहीत नव्हतं.
शिबिरावरून येऊन चार दिवस झालेले.
नाकाचं कातडं सोललेलं,
करवंदांच्या चिकानं बोटं अजून काळपट,
आणि गुडघ्यावर एक खपली,
जिला आई हळद लावायला गेली तर म्हणाली,
"राहू दे, ती कड्यावरची आहे."

चार दिवस न विचारता सांगत होती.
गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं.
वॉटरबॅग देवळालीच्या झरीननं नेली होती,
चुकून, तिचीही तशीच निळी.
त्यावरून भांडण, मग एकाच मच्छरदाणीत
सहा रात्री.
भोपळा चिरताना आधी मधोमध कापायचा,
मग तो पाटावरून पळत नाही.
आणि त्या रात्री वरच्या तळ्याकाठी
कुमुदताईंनी सगळ्यांच्या बॅटऱ्या बंद करायला लावल्या,
म्हणाल्या, डोळे सरावेपर्यंत कुणी बोलायचं नाही.
मग?
मग काही नाही, म्हणते.
तिथं असायला हवं होतं तुम्ही.

मी मात्र ते दहा दिवस निवांत होतो.
सेकंड शिफ्टला प्रेसवर पत्रे लावताना
दाभाड्याला सांगत होतो,
काही कळलं नाही म्हणजे पोरगी मजेत आहे.
कार्ड वेळेवर आलं असतं तर
मी गेलो असतो.
डोक्याला हेल्मेट न घालता, त्र्यंबक रोडनं,
तासाच्या आत.
मला मी ओळखतो.
बालवाडीच्या पहिल्या दिवशी
फाटकातूनच परत आणली होती तिला,
आणि येताना दोघांनी उसाचा रस प्यायला होता.
टपालखात्यानं माझ्यापेक्षा
बरं सांभाळलं म्हणायचं.

कार्ड तिच्या हातात दिलं.
वाटलं, हसेल.
हसली नाही.
ओळीवरून बोट फिरवत दोनदा वाचलं,
जसं दुसऱ्या कुणाचं वाचतात.
मग उलटं करून पत्ता पाहिला.
"पिनकोडचा शेवटचा आकडा चुकलाय माझा."
आणि दोऱ्याला गाठ मारता मारता,
"तुम्ही आला असतात?"

"हो."

तिनं मान हलवली.
बरं झालं असतं की वाईट, ते बोलली नाही.
मीही विचारलं नाही.
पण मला ती दुसरी दिसत राहिली,
दुसऱ्या दिवसाच्या दुपारी
तंबूच्या दोरीपाशी गुडघ्यावर कार्ड ठेवून
पेन्सिल दाबणारी,
रस्त्याकडे एक डोळा.
ती काही परत आलेली नाही.
वीस किलोमीटरवर आहे,
आणि मोटरसायकल काढून
तिला आणता येत नाही.

तेवढ्यात लाइट गेले.
अख्खी कॉलनी, कोपऱ्यावरची गिरणीसुद्धा.
मी सवयीनं मोबाइलची बॅटरी चाचपली.
"थांबा बाबा," ती म्हणाली,
"लगेच नका लावू."

थांबलो.
मला तर काहीच दिसत नव्हतं.
सँडलच्या पट्ट्यातून दोरा ओढल्याचा
आवाज तेवढा येत होता,
थोड्या थोड्या वेळानं,
न चुकता.