दोन नळ्या

मे. बाहेर सत्तेचाळीस.
गिरणेच्या कोरड्या पात्रावरून निघालेली झळ
टेकडी चढून विद्यापीठाच्या खिडकीशी येते,
आणि आत, स्टीलच्या पिंपात,
उणे दोनशे एकोणसत्तरला
हेलियम गप्प बसलेलं.

उखर्डू तात्या दर सोमवारी नायट्रोजन ओततात.
पांढरी वाफ त्यांच्या चपलांवरून सांडते.
"जळगावात बर्फ," म्हणतात. दरवेळी हेच.
करदोट्याची किल्ली मात्र दाराबाहेर काढून ठेवतात,
चुंबक ओढतो.

आज दीपमाला पावरा आली, शहाद्याहून,
दोन कुप्या घेऊन:
एकीत पुदिन्याच्या तेलातून काढलेलं,
एकीत बाळंतशोपांच्या.
कुठल्या कुपीत कुठलं,
ते लिहिलेलं अ‍ॅसिटोननं पुसलं गेलंय.
"मशीन सांगेल ना, सर?"

मशीन पुष्कळ सांगतं.
हायड्रोजनला विचारतं, शेजारी कोण?
आणि तो खोटं बोलत नाही:
दोन शेजारी असले की त्याची रेघ तीन ठिकाणी फाटते.
दहा कार्बन, दहा रेघा.
त्यातली एक सगळ्यांपासून लांब, एकशे नव्व्याण्णववर;
तिच्या मांडीला मांडी लावून ऑक्सिजन बसलाय.
तो स्वतः बोलत नाही.
शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचा.

सव्वादोन ते पावणेतीनच्या मध्ये
पाच हायड्रोजन एकदम बोलतात,
कुणाचा शेंडा, कुणाचा खांदा,
तिथं मी नेहमी थोडा अंदाज करतो
आणि तसं कुणाला सांगत नाही.

दुसरी नळी. चहा.
मग दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडाला धरले.
रेघेवर रेघ.
पाण्याचा तो आगंतुक शेंडासुद्धा दोन्हीकडे.

चपलेचा अंगठा मोजला, वादी मोजली, टाके मोजले,
उजवी की डावी, तेवढं राहिलं.
आरशातल्या भावंडांना हे यंत्र
एकाच नावानं हाक मारतं.

"मग कसं कळणार?"
प्रकाश कुठं वळतो ते बघायचं साधन आहे खाली,
त्याचा दिवा दिवाळीपासून गेलेला.

तात्यांनी हात पुसले.
एक कुपी नाकाशी नेली, लगेच बाजूला केली.
दुसरी जरा जास्त वेळ धरली.
"हाऊ पुदिना शे.
नि हाई बायंतशोप.
सूनबाईच्या टायमाले सव्वा महिना
घरभर हाच वास होता."

दीपमालानं वहीत तारीख घातली.
'पद्धत' या रकान्यापुढे पेन थांबलं,
मग लिहिलं: नाक (उ. तात्या), पडताळणी बाकी.
मी खोडायला सांगितलं नाही.

तेवढ्यात लाइट गेली.
एसी, पडदा, पंखा, सगळं.
चुंबकात मात्र सहा वर्षांपूर्वी सोडलेला करंट
अजून फिरतोय, त्याला लाइट लागत नाही.
उजवीकडून फिरतोय की डावीकडून,
मला आठवेना.
तात्या किल्ली शोधायला बाहेर गेले होते.