सातवा

केमीत आज उणे अठ्ठावीस.
वेइक्काच्या गेममध्येही बर्फच पडतोय,
आणि नेमका तोच कुणाला पेलत नाही.

ग्राफिक्स कार्डाला सांगावं, तर ते चटकन उरकतं :
कण न् कण चौकोनी,
भिजून गोळा झालेल्या साबुदाण्यासारखा.

प्रोसेसर मात्र खडे निवडावेत तसा
एकेक कण निवडत बसतो;
पंखा घोंघावतो,
घोडा उडीच्या मध्येच थिजतो.

पाहणारे सातजण. सहा म्हणतात, कार्डच बरं.
सातवा, बर्फफोड्या जहाजावरचा बाप, लिहितो :
तुझ्यामागं सोफ्यावर आई झोपलीय,
ती दोन्हीत स्वच्छ दिसते.

जे हलत नाही, त्यावर
यंत्र फारसं खर्च करत नाही,
वेइक्का टाइप करतो,
पुसतो.
कॅमेरा जरासा तिच्याकडे वळवतो.